ओकायामाचे धनी कोण?

वाचकांचे प्रश्न

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात. ओकायामाची मूळ बाग तिथल्या राजाने केली असं ऐकलं. हे घराणं कोणतं? (एक वाचक, दत्तवाडी)

राजा नव्हे, दाइम्यो, म्हणजे मुलुखाचा धनी, संस्थानिक. गादी क्योतोला सम्राटाची आणि कारभार एदोला, म्हणजे आजच्या तोक्योत, शोगुनचा. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. शोगुनच्या हाताखाली अडीचशेच्या वर दाइम्यो होते. ओकायामाच्या दाइम्योंचं आडनाव इकेदा.

पण किल्ला इकेदांचा नाही. तो त्यांच्या आधीचा धनी उकिता हिदेइए याने १५९७ मध्ये पुरा केला. बाहेरून काळ्या फळ्या, म्हणून लोक त्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत हिदेइए हरला आणि पुढे हाचिजो बेटावर हद्दपार झाला. त्याच लढाईत ऐनवेळी बाजू बदललेल्या कोबायाकावा हिदेआकीला ओकायामा बक्षीस मिळालं, पण १६०२ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि मुलूख खालसा झाला.

१६०३ मध्ये इकेदा आले, आणि धन्यांच्या याद्यांमधला गोंधळ इथेच सुरू होतो. हिमेजीच्या इकेदा तेरुमासाची बायको ही पहिला शोगुन इएयासु याची मुलगी. तिच्या पोटच्या तादात्सुगुला ओकायामा मिळालं तेव्हा तो लहान पोर होता, म्हणून कारभार सावत्र भाऊ तोशिताका बघायचा. तादात्सुगुनंतर त्याचा सख्खा भाऊ तादाओ आला. तो १६३२ मध्ये गेला तेव्हा त्याचा मुलगा मित्सुनाका तीन वर्षांचा. एवढा मोक्याचा मुलूख तान्ह्या पोराच्या हाती नको म्हणून शोगुनने सरळ अदलाबदल केली: मित्सुनाका तोत्तोरीला, आणि तोत्तोरीचा मित्सुमासा, म्हणजे तोशिताकाचा मुलगा, ओकायामाला. त्यामुळे कुणी धन्यांची गणती तादात्सुगुपासून करतं, कुणी मित्सुमासापासून. एका पुस्तकात बाग करणारा ‘चौथा’ आणि दुसऱ्यात ‘दुसरा’ दिसला तर दोन्ही छपाया बरोबर समजा.

बाग करवणारा म्हणजे मित्सुमासाचा मुलगा त्सुनामासा. काम १६८७ ते १७००, देखरेख त्सुदा नागातादा याची. क्षेत्र सुमारे १३.३ हेक्टर, म्हणजे तेहतीस एकर; आपलं उद्यान दहा एकरांचं. किल्ल्याच्या मागे नदीपलीकडे ती असल्यामुळे तिला नुसतं ‘मागची बाग’ म्हणायचे. कोराकुएन हे नाव १८७१ चं, आणि सामान्यांना दार उघडलं १८८४ मध्ये. आत भाताची खाचरं आणि चहाचा मळासुद्धा आहे. किल्ला पाहायला जाल तर एवढं लक्षात ठेवा: मुख्य इमारत २९ जून १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली. आज उभी आहे ती १९६६ ची, काँक्रीटची. जुने उरलेत ते दोन बुरूजघर.

ओकायामा ‘३,१५,००० कोकुंचं’ होतं असं वाचलं. हे उत्पन्न आजच्या हिशेबात किती? (कोथरूड)

कोकु हे तांदळाचं माप, सुमारे १८० लिटर. वजनात दीडशे किलोच्या आसपास. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ अशी त्यामागची ढोबळ कल्पना. त्या हिशेबाने ३,१५,००० कोकु म्हणजे जवळजवळ ४७,००० टन. दाइम्यो म्हणवून घ्यायला किमान १०,००० कोकु लागत.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हा आकडा धन्याचा वसूल समजणं. ती आकारणी आहे, जमिनीच्या मोजणीवरून ठरवलेली. जिराईत जमीन आणि घरांच्या जागाही तांदळात मोजून त्यात धरलेल्या असत. वसुलीचा दर गावागणिक आणि सालागणिक बदलायचा. उदाहरणापुरते शेकडा चाळीस धरा: १,२६,००० कोकु. त्यातला मोठा वाटा पदरच्या सामुराईंच्या नेमणुकांत जायचा. उरलेल्यातून एक वर्षाआड एदोला लवाजम्यासकट जाऊन राहायचं. ओकायामापासून सुमारे सातशे किलोमीटर, आणि बायको व वारस कायम तिथेच, शोगुनच्या नजरेखाली. १६३५ पासून हा नियमच होता.

शिवाय सरकारदरबारी नोंदलेला आकडा एक, आणि नवी जमीन लागवडीला आणल्यावरचा खरा आकडा दुसरा. पेशवे दप्तरात ‘तनखा’ (जुनी ठरीव आकारणी) आणि ‘कमाल’ (नव्या पाहणीनंतरची) असे दोन आकडे ज्यांनी पाहिलेत त्यांची इथे फसगत व्हायची नाही. दोन संस्थानांची तुलना करताना एकाचा नोंदलेला आणि दुसऱ्याचा खरा आकडा घेऊ नका.

इकेदांपैकी बहुतेकांची नावं ‘मासा’ने संपतात. लक्षात ठेवायची कशी? (सदाशिव पेठ)

शेवट विसरा, सुरुवात बघा. ‘मासा’ हे घराण्याचं अक्षर. पहिलं अक्षर बहुधा शोगुनने आपल्या नावातलं बहाल केलेलं असायचं, आणि तो मोठा मान होता. शोगुन इएमित्सु, म्हणून मित्सुमासा. इएत्सुनाचा त्सुनामासा, इएत्सुगुचा त्सुगुमासा, योशिमुनेचा मुनेमासा, इएहारुचा हारुमासा. इएनारी पन्नास वर्षं शोगुन होता, म्हणून त्याची दोन नावं: नारिमासा आणि नारितोशि. पुढे इएयोशीचा योशिमासा, इएमोचीचा मोचिमासा. शोगुनांची यादी पाठ असली की इकेदांची वेगळी पाठ करावी लागत नाही.

सावधगिरी एकच. अक्षर मिळायचं ते बहुतेक वयात येताना, गादीवर बसताना नव्हे. त्सुनामासा धनी झाला १६७२ मध्ये, पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे नावावरून पिढी कळते, कारकीर्द कळत नाही.

शेवटचा धनी आकिमासा, १८६८ चा. त्याच्या नावात कुठल्याच शोगुनचं अक्षर नाही. तेव्हा शोगुनच उरला नव्हता, अक्षर देणार कोण? त्याच्या आधीचा मोचिमासा हा मितोच्या तोकुगावा नारिआकीचा मुलगा, आणि अखेरचा शोगुन योशिनोबु त्याचा सख्ख्या बापाकडून भाऊ. सम्राटाच्या नव्या सरकारने भावाविरुद्ध फौज काढायला सांगितली तेव्हा त्याने गादीच सोडली. नारितोशि सात्सुमाचा, योशिमासा नाकात्सुचा, आकिमासा मुळात हितोयोशीचा. म्हणजे शेवटचे चारही धनी दत्तक. डलहौसीच्या काळात आपल्याकडे याच कारणावरून साताऱ्याची गादी गेली. तिकडे तोच दत्तक राज्य टिकवायचा राजमार्ग होता. मात्र १६५१ पर्यंत मरणशय्येवर घेतलेला दत्तक तिथेही नामंजूर व्हायचा.

मित्सुनाकाचं वय कुठे दोन तर कुठे तीन दिलंय. (सहकारनगर)

दोन्ही बरोबर. जपानी जुन्या मोजणीत मूल जन्मताच एक वर्षाचं आणि दर नववर्षाला एक वाढ. आपल्याकडच्या ‘तिसरं लागलं’सारखंच. मित्सुनाका १६३० चा, म्हणून १६३२ मध्ये त्यांच्या लेखी तीन. तारखांचंही तसंच: त्यांचे महिने चांद्र, मधूनमधून अधिक महिना. इंग्रजी कॅलेंडर १ जानेवारी १८७३ पासून. ओकायामाच्या तुकडीने कोबेला परदेशी लोकांवर गोळ्या झाडल्या ती तारीख जपानी कागदात पहिल्या महिन्याची अकरावी, आपल्या हिशेबात ४ फेब्रुवारी १८६८.

नदीकाठी एवढी मोठी बाग, मग पुराचं काय? (एरंडवणे)

बागेच्या आधी पुराचाच बंदोबस्त झाला. उकिताने किल्ला बांधताना आसाही नदी वळवून किल्ल्याभोवती घेतली. खंदकाचं काम फुकटात झालं, पण सरळ वाहणाऱ्या पाण्याला कोपर आलं. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबून गावात शिरायचं. १६५४ चा पूर सर्वांत भयंकर, त्यामागोमाग दुष्काळ.

मित्सुमासाचा सल्लागार कुमाझावा बान्झान याची सूचना अशी की किल्ल्याच्या वरच्या अंगाला पुराचं पाणी काढून घ्यावं. ती प्रत्यक्षात आणली त्सुदा नागातादाने, १६६९ पासून पुढची सतरा-अठरा वर्षं. वरच्या अंगाला डाव्या काठाचा बांध मुद्दाम ठेंगणा ठेवला. नदी ठरावीक उंचीवर चढली की पाणी त्यावरून ओसंडून दुसऱ्या पात्रात जातं. फोडायला किंवा दार उघडायला माणूस लागत नाही. त्या पात्रात आणखी दोन आडवे बांध, म्हणजे वेग मोडतो आणि गाळ तिथेच बसतो. ठेंगणा बांध धुपून खचला तर अख्खी नदीच तिकडे वळेल, म्हणून त्याला दगडांचं अस्तर. पात्राचं नाव ह्याक्केनगावा, शंभर केनांची नदी. एक केन म्हणजे सुमारे १.८ मीटर.

हे काम आवरलं आणि पुढच्याच वर्षी बागेला हात घातला. त्यानंतर १६९२ मध्ये खाडी अडवून ओकिनो शिनदेन ही सुमारे १,९०० हेक्टर नवी जमीन काढली. मघाशी म्हटलं ना, खरा आकडा नोंदलेल्याच्या पुढे जातो. तो असा जातो. माझ्या मते या संस्थानाच्या इतिहासात धन्यांपेक्षा हा नागातादा मोठा. सामान्यांच्या पोरांसाठी बांधलेली शिझुतानी शाळाही त्याच्याच देखरेखीखाली झाली. १७०१ चं तिचं सभागृह, भाजलेल्या बिझेन कौलांचं, अजून उभं आहे.

धन्यांव्यतिरिक्त कुणाचा इतिहास नोंदला गेलाय का? (येरवडा)

गेलाय. १८५५-५६ च्या हिवाळ्यात संस्थानाने काटकसरीचे २९ हुकूम काढले. त्यातले शेवटचे पाच फक्त अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांसाठी: नक्षीचं कापड नाही, बिननक्षीचं निळं किंवा तुरट पर्सिमनच्या रसात रंगवलेलं तपकिरीच घालायचं. म्हणजे रस्त्यात लांबूनच ओळख पटावी. ५३ गावांनी मिळून अर्ज केला: आम्ही जमीन कसतो, सारा भरतो, मग हे कशासाठी? अर्ज परत आला. १८५६ च्या उन्हाळ्यात सुमारे १,५०० जण चालत निघाले आणि संस्थानाच्या एका वरिष्ठ कारभाऱ्यापुढे तो पुन्हा ठेवला. हुकूम मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही, पण अंमलही झाला नाही. पुढाऱ्यांपैकी बारा जण कैदेत पडले. त्यातले सहा तुरुंगातच वारले.