वाचकांचे प्रश्न : ग्रुपवरचा भडकाऊ मजकूर आणि कायदा

प्रश्न : आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. एका सदस्याने दुसऱ्या समाजाविरुद्ध फारच विखारी मजकूर टाकला. गुन्हा माझ्यावरही दाखल होईल का? तक्रार कशी करावी?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : केवळ ॲडमिन आहात म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच 2021 मध्ये हे सांगितलं आहे. ते प्रकरण अश्लील शेऱ्याचं होतं, पण तत्त्व इथेही लागू पडतं : समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत दिसला, तरच ॲडमिन अडकतो. मात्र तोच मजकूर तुम्ही दुसऱ्या ग्रुपवर पुढे ढकललात, तर त्याची जबाबदारी तुमची स्वतःची.

मजकूर लगेच डिलीट करू नका. आधी पुरावा जपा. बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात. स्क्रीनशॉटमध्ये ‘पिंटू काका’ असं सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसतच नाही. म्हणून संपर्काची माहिती उघडून नंबरासकट दुसरा स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. ज्या मोबाइलवर मजकूर आला तो विकू नका, रीसेटही करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळता येणारा, तिच्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक) लागते. तिसऱ्याच माणसाकडून फिरत आलेल्या स्क्रीनशॉटसाठी हे प्रमाणपत्र देणार कोण? एवढं झालं की मजकूर सर्वांसाठी डिलीट करा.

अर्जात नुसतं ‘भावना दुखावल्या’ लिहून भागत नाही. मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा. कोणत्या समाजाविरुद्ध चिथावणी आहे आणि काय करायला सांगितलंय, तेही लिहा. दोन गटांत शत्रुत्व वाढवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे. धार्मिक भावना दुखावण्याच्या कलम 299 मध्ये जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेलं कृत्य असावं लागतं.

प्रश्न : पोलीस ठाण्यात ‘आधी चौकशी करू’ म्हणतात. ही टाळाटाळ आहे का?
— एक वाचक, सदर

उत्तर : दर वेळी नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(3) वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करू देतं. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती करणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी म्हटलं. पुढेही गुन्हा नोंदवला नाही, तर पोलीस उपायुक्तांना टपालाने लेखी अर्ज पाठवा. त्यानंतर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

प्रश्न : कुणी म्हणतं द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध वेगळा कडक कायदा हवा, कुणी म्हणतं त्याने गळचेपी होईल. तुमचं मत काय?
— एक विद्यार्थिनी, रामदासपेठ

उत्तर : मागणी जुनी आहे. विधी आयोगाने 2017 च्या 267 व्या अहवालात दोन नवी कलमं सुचवली होती. कर्नाटक विधिमंडळाने डिसेंबर 2025 मध्ये वेगळं विधेयक मंजूर केलं. विष पसरवणारे मोकळे सुटतात, हा समर्थकांचा राग खरा आहे.

पण मोघम शब्द पोलिसांच्या हाती दिला की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. मतप्रदर्शन आणि समर्थन चालेल, चिथावणी नाही, ही रेषा त्याच निकालाने आखली.

शब्द कुणाच्या कानांनी ऐकायचे, याचं उत्तर तर आपल्या नागपूरचं आहे. इथल्या तेव्हाच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या निकषावर जोखावा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या वर सांगितलेल्या 28 मार्च 2025 च्या निकालातही हाच निकष उद्धृत झाला.

आमच्या मते गाडी अडते ती मंजुरीपाशी. कलम 196 किंवा 299 च्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायची तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 217 प्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी लागते. भडकवणारा सत्तेच्या जवळचा असला, तर ती परवानगी देणार कोण? नव्या शिक्षा वाढवण्याआधी या मंजुरीला पक्की मुदत घाला, आणि नकार दिला तर त्याची कारणं लेखी द्यायला लावा.