'जर्मन राजकन्या' : कन्या खरी, पण राजा कोण?

प्रश्न असा आहे : रशियाची कॅथरीन द ग्रेट 'जर्मन राजकन्या' होती असं मराठीत सर्रास लिहितात, मग तिचे वडील कुठले राजे होते?

कुठलेच नाही. ख्रिश्चन ऑगस्ट हे आन्हाल्ट-त्सेर्ब्स्ट या चिमुकल्या संस्थानाच्या घराण्यातले, प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी. १७२९ साली सोफी (कॅथरीनचं माहेरचं नाव) जन्मली ती स्टेटिनला, त्यांच्या नेमणुकीच्या गावी. त्सेर्ब्स्टची गादी त्यांना मिळाली १७४२ मध्ये, तीही थोरल्या भावासोबत.

घोळ समासात आहे. 'राजकन्या' म्हणजे राजाची कन्या. शब्दातच बापाचं पद ठरून जातं. जर्मन 'प्रिन्त्सेसिन' तसं ठरवत नाही. राजाची मुलगी प्रिन्त्सेसिन, आणि 'फ्युर्स्ट'ची मुलगीही प्रिन्त्सेसिनच. फ्युर्स्टची बायको मात्र 'फ्युर्स्टिन'. इंग्रजीत या सगळ्याच 'प्रिन्सेस' होतात आणि तिथून मराठीत सरसकट राजकन्या.

फ्युर्स्टला आपल्याकडे नेमका शब्द आहे : संस्थानिक. स्वतःचा मुलूख, स्वतःचा दरबार, पण डोक्यावर सम्राट. म्हणून सोफीला 'जर्मन संस्थानिक घराण्यातली मुलगी' म्हणावं. तसंच इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लोट मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलित्सची. तिचे वडील गादीवर बसलेच नाहीत, भाऊ १७५२ साली ड्यूक झाला. १७६१ मध्ये लंडनला आली ती 'ड्यूकची बहीण' म्हणून. शेवटच्या झारची पत्नी आलिक्स ही हेसच्या ग्रँड ड्यूकची मुलगी.

'राजकन्या' शब्द टाकून द्यायचा नाही, जिथे शोभतो तिथे वापरायचा. १८१७ मध्ये पुढच्या झार निकोलसशी लग्न झालेली प्रशियाची शार्लोट राजाचीच मुलगी. फसवं उदाहरण सॅक्सनीच्या मारिया योझेफाचं : १७४७ साली तिचं लग्न फ्रान्सच्या युवराजाशी झालं तेव्हा सॅक्सनीला राजा नव्हता, इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) होता, पण तो इलेक्टर म्हणजे तिचा बाप पोलंडचा राजाही होता, म्हणून ती राजकन्या. सॅक्सनी, बव्हेरिया, व्ह्युर्टेम्बर्ग ही राज्यं झाली १८०६ च्या सुमारास. म्हणून कुठल्याही जर्मन मुलीच्या लग्नाचं साल आधी पाहावं आणि बापाचं पद मग लिहावं.

लग्नानंतरचा शब्दही जपून वापरायला हवा. १७६२ च्या पूर्वार्धात कॅथरीन 'सम्राटपत्नी' होती. नवऱ्याला पदच्युत केल्यावर 'सम्राज्ञी' झाली. रशियन भाषेत दोन्हींना एकच शब्द चालतो, पण मराठीत फरक दाखवता येतो, तर दाखवावा.