धुकं तर छान दिसत होतं!

प्रश्न: आमचा साताऱ्याजवळ खडी क्रशर आहे. जागोजागी पाण्याचे फवारे आहेत, तरी धुळीचा पांढरा पडदा दिवसभर तरंगतो. एक विक्रेता म्हणतो, ‘विजेचा भार दिलेलं धुकं मारा, चुंबकासारखी धूळ ओढेल.’ किंमत बरीच आहे. घ्यावं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: लगेच नको. चुंबकाचा इथे काही संबंध नाही. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो ना, तो हा प्रकार. तुमच्या फवाऱ्याचा थेंब जाड. मोठी कच त्याला धडकते, भिजते, खाली बसते. ५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा कण मात्र हवेबरोबर थेंबाला वळसा घालून निसटतो, आणि फुप्फुसात खोलवर जातो तो हाच. थेंब बारीक केला की गाठ पडायची शक्यता वाढते. त्याला भार दिला की विरुद्ध भाराचा कण वाट सोडून त्याच्याकडे येतो. दगड फुटताना धुळीला भार येतोच. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठाच्या स्टुअर्ट होनिग यांनी १९७०च्या दशकात यावर बरंच काम केलं. म्हणजे विक्रेता थापा मारत नाहीये.

पण माझा अनुभव ऐका. चंद्रपूरकडे चुनखडीच्या एका क्रशरवर मी असा संच बसवला होता. नोझलच्या तोंडाशी धातूचं कडं, त्याला काही हजार व्होल्ट. त्यातून सुटणारं पाणी भार घेऊनच बाहेर पडतं. पंधरा दिवसांत धूळ पुन्हा पहिल्यासारखी. धुकं तर छान दिसत होतं! खोलून पाहिलं, तर कड्याची वीज अडवून धरणाऱ्या इन्सुलेटरवर चुनखडीचा ओला राप. कड्यावरची वीज त्यातूनच गळत होती. भार असलेलं आणि नसलेलं धुकं डोळ्यांना एकसारखंच दिसतं, तिथेच आम्ही फसलो.

तेव्हा आधी बेल्टवरून खडी पडते तिथे पत्र्याची पेटी करा, तोंडाला रबरी पडदे लावा. धुकं मारायचं ते आत. उघड्यावर ते वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातं, नाहीतर उन्हात वाटेतच सुकतं. बोअरचं पाणी असेल तर गाळणी हवीच, शिवाय क्षारांनी नोझल बुजतात ते वेगळंच.

एवढं करूनही धूळ उरली, तर विक्रेत्याला म्हणा, महिनाभर चाचणीवर दे. पाणी तेवढंच ठेवून व्होल्टेज दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, आणि दोन्ही वेळा धूळ यंत्राने मोजायची. इन्सुलेटर रोज कोण पुसणार, हेही त्याच बैठकीत विचारा.