नांदायचं फक्त मुलीनंच का? ‘नांदणे’ या शब्दाबद्दल

प्रश्न असा आलाय: लग्न आणि नवरा-बायकोच्या कामांवरच्या एका ऑनलाइन टॉक शोमधे एक पाहुणे म्हणाले "आजकाल नांदणारी मुलगीच मिळत नाही", त्यावर समोरच्या ताई म्हणाल्या "नांदणं हा शब्दच गुलामीचा आहे, टाकून द्या", तर नांदणेचा खरा अर्थ काय आणि पुरुषाला तो वापरला तर चुकतं का.

मी तो एपिसोड सगळा बघितला आणि खरं सांगायचं तर दोघांचाही राग आला. कारण दोघांनी अर्थ एकच धरला होता, नांदणे म्हणजे सोसणे. एकाला ते सोसणं हवंय, दुसरीला नकोय, आणि दोन तास नुसती हमरीतुमरी, शब्दाकडे कुणी बघितलंच नाही.

नांदणे आलाय संस्कृत नन्द् धातूपासून. नन्द् म्हणजे आनंदणे. आनंद त्यातलाच, नाटकाच्या आधीची नांदी त्यातलीच, लग्नाआधी करतात ते नांदीश्राद्ध पण त्यातलंच. म्हणजे नांदणे म्हणजे नुसतं राहणं पण नाही, सुखानं, भरभराटीत राहणं. म्हणून तर आपण शांतता नांदते म्हणतो, भाऊभाऊ गुण्यागोविंदानं नांदतात म्हणतो, माणसांनी भरलेलं घर असलं की नांदतं घर म्हणतो. यात कुठं बाईच पाहिजे असं आहे का? आणि लग्नात स्टेजच्या मागं थर्माकोलमधे लिहितात ते ‘नांदा सौख्यभरे’ बघा की, ‘नांद’ नाही, ‘नांदा’. दोघांना आहे ते, अनेकवचन आहे.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते शब्दाला ‘जाणे’ चिकटलं तिथं. नांदायला जाणे. एकदा कुठून तरी कुठं तरी जाऊन नांदायचं म्हटलं की जो जातो त्याच्यावरच सगळं येतं, आणि जाते ती मुलगी. आमच्याकडं सोलापूरच्या आजूबाजूच्या खेड्यांत सरळ म्हणतात, पोरगी नांदंना झालीय. जावई नांदंना झालाय असं मी आजवर ऐकलेलं नाही, घरजावयाला कुणी चिडवलं तरच. दुसरं म्हणजे ‘नांदवणे’ हे प्रयोजक रूप. नवरा बायकोला नांदवतो, किंवा नांदवत नाही. बायको नवऱ्याला नांदवते हे वाक्य व्याकरणात एकदम बरोबर आहे, फक्त बोलत कुणी नाही.

आता मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आमच्या गल्लीत, सोलापूरच्या पूर्व भागात, एक अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याचा माप ठेवून कात्रीनं कापायचं, वळायचं, दोरा मारायचा, तोंड दुमडायचं, बोलता बोलता हात चालूच. हजार विड्यांवर मजुरी. मामांचा, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याचा, यंत्रमाग बंद पडल्यापासून घरभाडं, पोरांच्या फिया, पोरीचं लग्न सगळं त्या सुपातनं निघालंय. आणि मागच्या महिन्यात कुणाशी तरी बोलताना अक्का म्हणतात, "त्यांनी नांदवलं म्हणून नांदले बाई." मी तिथंच होतो, मला काही बोलता आलं नाही. तुम्हीच सांगा, त्या घरात कोण कुणाला नांदवतंय?

अक्कांच्या घरी तेलुगू बोलतात, तिथं मुलगी ‘कापुरानिकि’ जाते, कापुरम म्हणजे संसार, आणि तिथंही जाते ती मुलगीच. पलीकडच्या कन्नड घरांत ‘बाळ्वे’, मूळ अर्थ जगणं, पण मुलगी सासरी बाळ्वे करते की नाही अशीच चौकशी असते. तीन भाषा, तिन्ही शब्द मुळात चांगले आणि तिन्ही एकाच बाजूला कललेले. म्हणून ताईंना माझं म्हणणं आहे की शब्द टाकून काय होणार, नवीन शब्द आणला तर वर्षभरात तोही तिकडंच झुकेल.

कोर्टाच्या भाषेत पण हेच. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 9, यात नवरा किंवा बायको कुणीही दुसऱ्यानं परत एकत्र राहायला यावं म्हणून अर्ज करू शकतं. कायद्याला दोघं सारखे. पण मराठीत नोटीस आली की नवऱ्याची असते ‘नांदावयास यावे’ आणि बायकोची असते ‘नांदावयास न्यावे’. क्रियापद बदललं की माणसाची जागाच बदलते. इंग्रजांच्या काळातली मुंबईच्या रखमाबाईंची केस आठवा, अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, सासरी कधी गेल्या नाहीत, 1884 मधे नवऱ्यानं दावा लावला आणि 1887 मधे कोर्टानं सांगितलं की नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या कैद चालेल. पुढं 1888 मधे दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. आनंदानं राहा असा अर्थ असलेल्या क्रियापदासाठी एका मुलीला तुरुंग दाखवला गेला, हे मला फार लागतं.

शोमधल्या पाहुण्यांचं अजून एक वाक्य, "संमती वगैरे बाहेरची फॅडं आहेत." सोलापुरात येऊन हे बोलू नये. दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला इथल्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, लाखो लोक अक्षता टाकतात, तो होतो संमती कट्ट्यावर. आधी संमतीचं वाचन, मग अक्षता. लहान पोराला विचारा, कट्ट्याचं नाव सांगेल.

आणि हो, "मी बायकोला घरात मदत करतो" हे पण ते तीन-चारदा म्हणाले. मदत दुसऱ्याच्या कामाला करतात. स्वतः नांदत असलेल्या घरात आपण काम करतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, पुरुषाला नांदणे वापरलं तर अजिबात चूक नाही, ‘तो तिच्यासोबत सुखानं नांदतोय’ हे शुद्ध मराठी आहे आणि अर्थाला धरून आहे. कानाला खटकेल, पण दोष व्याकरणाचा नाही, आपण तसं कधी बोललोच नाही म्हणून खटकतं. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी एकदा विचारून बघावं, "मुलगा नांदेल ना नीट?" मी माझ्या पुतणीच्या बैठकीत विचारलं होतं. समोरचे दोन मिनिटं गप्प बसले, मग मुलाची आई म्हणाली, "विचारते त्याला."