सातबाऱ्यावर 'वन' नाही, म्हणून देवराई जंगल नाही का?

प्रश्न : काका, आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. गावची देवराई सहा एकरांची. सातबाऱ्यावर तिथे 'वन' हा शब्द कुठेच नाही. आता तिच्या मधून रस्ता काढायचं घाटतंय. मी विरोध केला तर वडीलधारे म्हणतात, "कायदाच बदलला. नोंद नाही ते जंगल नाही. अर्ज करून काय होणार?" खरंच उशीर झाला का?

उत्तर : बाय, उशीर झालेला नाही. वडीलधारे खोटं बोलत नाहीत, पण ते अर्धंच सांगतायत.

१९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ डिसेंबरपासून ती लागू झाली. वन म्हणून जाहीर झालेली, किंवा २५ ऑक्टोबर १९८० पासून सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन, एवढ्यालाच आता कायदा लागू, असं ती म्हणते. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालामुळे शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, त्याला संरक्षण होतं; मालक कोणीही असो. आपल्याकडच्या देवराया त्याच आधारावर उभ्या होत्या.

या दुरुस्तीचं विधेयक संसदेच्या संयुक्त समितीपुढे होतं तेव्हा मीही चार पानी निवेदन पाठवलं होतं. तेराशेहून जास्त निवेदनं गेली आणि मसुदा होता तसाच मंजूर झाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण पुढे निवृत्त वनाधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला अंतरिम आदेश मिळाला : राज्यांनी १९९६ चीच व्याख्या पाळायची. म्हणजे तुमची सहा एकर आजही जंगल आहे. हा आदेश छापून जवळ ठेव.

दुरुस्तीतली एक सूट मला फार सलते. सरकारी रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या कडेच्या वस्तीला, सोयींना वाट देण्यासाठी दर ठिकाणी ०.१० हेक्टर, म्हणजे जवळपास दहा गुंठे. दहा गुंठ्यांनी काय होतं, असं लोक विचारतात. वनपाल असताना मी ते पाहिलंय. रस्ता निघाला, दोन्ही बाजूंची मोठी झाडं गेली, ऊन आत शिरलं आणि दोन पावसाळ्यांत कडेला रानमोडीचं तण माजलं. शेकरू शेंड्याशेंड्याने फिरतं, शक्यतो जमिनीवर उतरत नाही. मध्ये फट पडल्यावर पलीकडची घरटी रिकामी झाली. नकाशात जंगल तेवढंच दिसत होतं. एका तुकड्याचे दोन झाले होते, एवढंच.

आता कामाचं. देवराईतली झाडं मोजा : जात, छातीच्या उंचीवर घेर, ढोली आहे का. सातवीण, बेहडा यांच्या जुन्या ढोल्या मुद्दाम लिहा, धनेश पक्षी तिथेच घर करतो. सोबत गट नंबर आणि मोबाइलवरचे फोटो जोडा. मग ग्रामसभेत ठराव करा की हे वनसदृश क्षेत्र आहे आणि राज्याच्या वननोंदीत ते यावं. प्रत जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक दोघांना द्या, पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला नाही असंच धरलं जातं, हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसून शिकलो.

दुसरी वाट वनहक्क कायद्याची, २००६ ची. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये याच कायद्याने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ते गोंड आदिवासींचं गाव. बिगरआदिवासींना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथे राहून वनावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. जुनी घरपट्टी, देवस्थानची कागदपत्रं आणि गावातल्या वृद्धांचे जबाब शोधायला घ्या. या वाटेला वेळ लागेल, म्हणून ठराव आधी.

वडीलधाऱ्यांशी भांडू नको. गाऱ्हाणं देवापुढे तेच घालतात, मग ग्रामसभेतही त्यांनीच पहिलं बोलू दे. तू कागद सांभाळ. ठरावाचा मसुदा मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी शब्द तपासून देतो.

आणि झाडं मोजायला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर धनेशाच्या ढोलीखाली थांबू नका. मादी आत कोंडलेली असते. माणूस दिसला की नर फळ चोचीत घेऊन लांबच बसून राहतो.