वाचकांचे प्रश्न : चुनखडकातील नद्या आणि लहरी पाऊस

प्रश्न : चुनखडकाच्या प्रदेशातील नद्या मध्येच जमिनीत गडप होतात आणि दूरवर पुन्हा वर येतात, असे वाचनात आले. हवामान टोकाचे होत असताना त्यांच्या पाण्याचे काय होते? आमच्या मांजरा नदीच्या खोऱ्यात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि २०२१ साली महापूर आला. हेही तसेच दुखणे म्हणायचे का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बेसाल्ट आहे. तो चुनखडकासारखा विरघळत नाही; आपले भूजल मुरुमात, मांजऱ्या (सच्छिद्र बेसाल्ट) खडकात आणि पाषाणाच्या भेगांत साठते. चुनखडकात मात्र हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी हजारो वर्षे भेगा रुंदावत राहते, त्यांची भुयारे होतात आणि अखेर नदीच त्यांत उतरते. अशा भूरूपाला कार्स्ट म्हणतात. मेघालयात, आंध्रातील बेलम गुहांच्या परिसरात आणि बस्तरच्या कांगेर खोऱ्यात ते पाहायला मिळते.

अशा पाणलोटात पाण्याला खाली जाण्यास दोन वाटा असतात. बारीक भेगांतून झिरपणारे पाणी महिनोन्‌महिने झऱ्यांना पुरते. विवरांतून थेट भुयारात पडणारे पाणी काही तासांत किंवा दिवसांत नदीला मिळते. संथ, सलग पाऊस पहिली वाट भरतो, तर मुसळधार पावसाचे पाणी मोठ्या प्रमाणात दुसऱ्या वाटेने निघून जाते. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून एकेक सर जड होते. दोन पावसांमधला खंड लांबला तर वरचा खडक व माती इतकी कोरडी पडते की पुढच्या पावसाचा पहिला भाग तिथेच जिरतो आणि नदीला काहीच मिळत नाही. त्यामुळे वर्षाची सरासरी तीच राहूनही पूर उंच होतो आणि उन्हाळी प्रवाह रोडावतो. भुयारे तुडुंब भरली तर पाणी विवरांतून उलटे वर येते आणि खोलगट शेते खालून बुडतात. आपल्याकडे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणतात. ते पाणी बरेचसे जमिनीवरून निघून जाते. चुनखडकात ते जमिनीत शिरूनही थांबत नाही, हा खरा फरक आहे.

नैर्ऋत्य चीनमधील चुनखडकाच्या प्रांतांत पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त पडतो. तरीही २००९-१० च्या दुष्काळात तिथे कोट्यवधी लोकांचे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले, कारण पाऊस थांबल्यावर ओल धरून ठेवणारी मातीच पातळ आहे आणि पाणी खोल भुयारांत आहे.

माझ्या मते सर्वांत अवघड बाब निराळीच आहे : पाणलोटाची सीमाच जमिनीवरून ठरवता येत नाही. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी इमेंडिंगेनजवळ पात्रातच मुरते. १८७७ साली तिथे १० किलो रंगद्रव्य सोडले, तेव्हा सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्याचे पाणी हिरवे झाले. हा झरा ऱ्हाईनच्या खोऱ्यात वाहतो. पुरात डॅन्यूब पुढे काळ्या समुद्राकडे जाते. प्रवाह घटला की तिथे तिचे सगळे पाणी मुरते आणि उत्तर समुद्राची वाट धरते. म्हणजे कोरडे दिवस वाढले तर पाणी नुसते कमी होत नाही, ते दुसऱ्याच खोऱ्यात जाते. म्हणूनच एका खोऱ्यातला पाऊस मोजून त्याच खोऱ्यातल्या नदीचा हिशेब मांडणे इथे फसवे ठरते.

प्रश्न : झऱ्याचे पाणी जमिनीतून गाळून येते, म्हणून ते शुद्धच असते ना?
— एक वाचक, बीड

उत्तर : चुनखडकात हे गृहीत धरू नये. भुयारात गाळणी नसते. विशेषतः लांब खंडानंतरच्या पहिल्या जोराच्या पावसात साचलेले शेण, खत आणि गाळ थेट झऱ्यात उतरतो. जगातील सुमारे दहा टक्के लोक कार्स्टमधले पाणी पितात. बेसाल्टात मुरूम थोडेफार गाळतो, परंतु विहिरीत पुराचे पाणी शिरले असल्यास टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून आणि नमुना तपासून घेतल्यावरच ते प्यावे.