धर्मग्रामाची ध्येये आणि चिटणिसांची झोप

"आम्ही दर वर्षी ध्येये ठरवतो, प्रार्थना करून कामाला लागतो, आणि वर्ष सरते तेव्हा हाती फारसे काही नसते; दोष आमच्या श्रद्धेत आहे की माझ्यात?" अशा अर्थाचा प्रश्न धार्मिक संस्थांची बिनपगारी जबाबदारी वाहणाऱ्या माणसांकडून मला वरचेवर ऐकायला मिळतो. त्याला एकच एक उत्तर नाही. मात्र धुळ्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात आलेल्या एका गृहस्थांचा अनुभव या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा वाटल्याने, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

हे गृहस्थ नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत आणि तेथील कॅथलिक धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या समुदायाच्या, पॅरिश कौन्सिलचे (परिषदेचे) चिटणीस आहेत. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणत असे. २०२४ च्या पावसाळ्यात ते पत्नीसह आले, ते शनिवारी रात्री झोप लागत नाही या तक्रारीसाठी. बोलणे सुरू होताच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मॅडम, मिस्सेत हे प्रार्थना करत नाहीत, डोकी मोजतात." गुरुजींनी ते नाकारले नाही. खिशातून घडी घातलेली मिस्सेची, म्हणजे चर्चमधील रविवारच्या मुख्य उपासनेची, पत्रिका काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. तिच्या कोऱ्या बाजूवर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असे पेन्सिलीचे गठ्ठे होते. पुरुष, बायका आणि मुले वेगवेगळी मोजलेली होती.

अशा वेळी मी आधी प्रकृतीची चौकशी करते. भूक मंदावणे, कशातच मन न लागणे आणि रोजची झोप उडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली असतील, तर तो ध्येयांचा प्रश्न राहत नाही. तेथे डॉक्टरांची गरज असते, आणि जवळपास कोणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. गुरुजींचे तसे नव्हते. शेतात आणि नातवंडांत त्यांचे मन रमत होते. झोप उडत होती ती फक्त शनिवारी आणि कौन्सिलच्या बैठकीच्या आदल्या रात्री.

पुढच्या भेटीला त्यांनी कौन्सिलची वही आणली. जानेवारी २०२४ मध्ये ठरवलेली ध्येये तिच्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती: ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील क्रुसाच्या वाटेची (येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणाऱ्या प्रार्थनेची) उपस्थिती दीडपट करणे, तरुण संघ पुन्हा उभा करणे, प्रथम कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) तयारीच्या वर्गातील मुलांची गळती थांबवणे, प्रत्येक पाड्यावर लहान ख्रिस्ती समूह सुरू करणे आणि सभागृहाचे गळके छत बदलणे. मागील पाने उलटली तेव्हा पहिली चार ध्येये आधीच्या दोन वर्षांतही जवळजवळ त्याच शब्दांत आढळली. छत मात्र त्याच वर्षी बदलून झाले होते. त्याबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "ते काय, पत्रे तर होते."

मला त्या पत्र्यांचे महत्त्व वाटले. पाच ध्येयांपैकी तडीस गेलेले ते एकच होते, आणि कौन्सिलने स्वतः करायचे काम म्हणून लिहिलेलेही तेवढेच होते. उरलेली चारही ध्येये दुसऱ्यांनी कसे वागावे याविषयीची होती. लोकांनी यावे, तरुणांनी जमावे, मुलांनी वर्ग सोडू नये, पाड्यांनी एकत्र बसावे, या इच्छा चांगल्याच आहेत, पण त्या पुऱ्या होणे न होणे चिटणिसांच्या हातात नसते. तरीही उपस्थितीचा आकडा खाली गेला की तो गुरुजींना स्वतःचाच निकाल वाटत असे. त्यात देवाची आपल्यावर मर्जी नाही अशी शंका मिसळली, की रविवारची मिस्सा म्हणजे परीक्षाच होऊन बसे. त्या शंकेला उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. त्यासाठी मी त्यांना त्यांच्या फादरांकडेच पाठवले. आकड्यांविषयी मात्र बोलता येण्यासारखे होते.

आम्ही टेबलावर दिनदर्शिका पसरली. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १४ फेब्रुवारीला होता, होळी २४ मार्चला आणि ईस्टर ३१ मार्चला. दिवाळी झाली की या भागातील कितीतरी आदिवासी कुटुंबे मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुलेबाळेही बरोबर नेतात, आणि सातपुड्यातील माणूस कोठेही असला तरी होळीला घरी परतण्याची धडपड करतो. म्हणजे २०२४ चा जवळजवळ संपूर्ण उपवासकाळ ही कुटुंबे पडावांवर, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामांवर, असताना गेला, आणि जानेवारीत ध्येये ठरली त्या बैठकीलाही त्यांच्यापैकी कोणी नव्हते. गुरुजी काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "आश्रमशाळेत पटाची हीच अडचण मी आयुष्यभर पाहिली, पण चर्चमध्ये ती डोळ्यांसमोर आली नाही." मग २०२५ च्या तारखा पाहिल्या: राखेचा बुधवार ५ मार्च, होळी १३ मार्च, ईस्टर २० एप्रिल. पुढच्या वर्षी कौन्सिलने काहीही केले नाही तरी क्रुसाच्या वाटेला गर्दी वाढण्याची शक्यता आहे, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले. अपयश जसे त्यांचे नव्हते, तसे ते यशही त्यांचे ठरणार नव्हते.

प्रशिक्षण शिबिरांत सगळ्यांकडून फलकावर आकडेबंद ध्येये लिहून घेण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाचा आधार तिला दिला जातो, आणि नेमके, अवघड ध्येय 'जमेल तेवढे करा' या सूचनेहून अधिक काम करून घेते हे त्यांनी दाखवले हे खरेच आहे. परंतु माणसाला ते ध्येय मनापासून मान्य असावे, ते पेलण्याची क्षमता असावी आणि आपण कोठवर आलो हे त्याला कळत राहावे, या अटीही त्याच संशोधनात आहेत. शिवाय काम गुंतागुंतीचे असेल आणि ते कसे करायचे हेच अजून उमगलेले नसेल, तर निकालाच्या आकड्यापेक्षा शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते, असेही त्यात पुढे आढळले. या अटी फलकावर क्वचितच उतरतात. गुरुजींच्या कौन्सिलला मुले का गळतात हे नेमके ठाऊक नव्हते, तरी गळती थांबवण्याचे ध्येय तिने घेतले होते.

आणखी एक गाठ अधिकाराची होती. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३६ व्या कलमानुसार धर्मग्रामाची पाळकीय परिषद, म्हणजेच हे कौन्सिल, सल्ला देणारी असते आणि तिचे अध्यक्षस्थान प्रमुख धर्मगुरूंकडे असते. गुरुजी मात्र निर्णयाचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसले होते, आणि फादर बदलले की जुनी ध्येये नव्या फादरांच्या गळी उतरवण्याची जबाबदारीही आपलीच मानत होते. फादरांशी मोकळेपणाने बोलल्यावर त्यांना कळले, की इतकी ध्येये फादरांनाही नकोच होती. चिटणिसांचा उत्साह मोडू नये म्हणून ते काही बोलले नव्हते. भिडेपोटी असे किती ठिकाणी होत असेल!

नव्या यादीसाठी मी एकच कसोटी सुचवली: प्रत्येक ओळीत करणाऱ्याचे नाव, तारीख आणि त्याने स्वतः करायची कृती असावी. गुरुजींना ती लगेच पटली. "पाऊस किती पडावा हे आपण ठरवत नाही, पेरणी कधी करायची ते ठरवतो," असे म्हणून त्यांनी वही पुढे ओढली. कौन्सिलने ध्येयांची बैठक जानेवारीऐवजी पेरणी आटोपल्यावर, सगळे गावात असताना घेतली. दिवाळीपूर्वी दोघादोघांनी प्रत्येक पाड्यावर जायचे, उपदेश करायचा नाही, कोणते कुटुंब कोठे आणि कधी जाते एवढे विचारून लिहून आणायचे, हे पहिले काम ठरले. प्रथम कम्युनियनचा वर्ग पावसाळ्यातच पूर्ण करायचा, हे दुसरे. गुजरातेतील पडावांजवळच्या धर्मगुरूंना कुटुंबांची यादी कळवायची, हे तिसरे, आणि ते फादरांनी स्वतःकडे घेतले. तरुण संघासाठी महिन्यातून एकदा मैदान आणि चेंडू उपलब्ध ठेवायचा, हे चौथे. डोकी मोजण्याचे काम वर्षातून दोन ठरावीक रविवारी दुसऱ्या सभासदाने करायचे ठरले. गुरुजींनी पेन्सिल घरी ठेवायची होती. ही अट त्यांच्या पत्नींची.

सारे सुरळीत पार पडले असे नाही. दोन पाडे पुराच्या पाण्यामुळे राहून गेले, आणि विचारपूस करायला गेलेल्यांपैकी एकाने उपदेश केलाच. वर्ग मात्र दिवाळीआधी पूर्ण झाला. विचारपुशीतून असेही समोर आले, की काही कुटुंबे गावी असूनही येत नव्हती, कारण वर्गणीची बाकी राहिल्याने त्यांना संकोच वाटत होता. कौन्सिलच्या कोणत्याही यादीत ही बाब कधी आली नव्हती. फादरांनी ती बाकी माफ केल्याचे स्वतः घरोघरी जाऊन सांगितले. तरुण संघाचा उपक्रम चालला नाही, कारण त्या वयाची बहुतेक मुले नंदुरबारला किंवा सुरतेला शिकायला अथवा कामाला गेलेली होती. कौन्सिलने तो पुढील बैठकीत रद्द केला आणि कारणासह इतिवृत्तात तशी नोंद केली. गुरुजींना आता शनिवारी बहुधा झोप लागते, बैठकीच्या आदल्या रात्री अजूनही थोडा उशीर होतो.